जिरेनियमच्या घरचं कूळ

आंबुशीचं कूळ कोणतं, या प्रश्नाला गेल्या पावणेतीनशे वर्षांत तीन वेगवेगळी उत्तरं मिळाली. लिनियसने १७५३ साली तिचं ‘ऑक्झॅलिस कॉर्निक्युलाटा’ असं बारसं केलं, तेव्हा दहा पुंकेसर आणि पाच कुक्षिवृंत असलेल्या फुलांच्या वर्गात तिला बसवलं. जिरेनियम त्याच्या यादीत भलत्याच वर्गात होतं. पुढे जोसेफ डाल्टन हूकर यांच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’चा पहिला खंड १८७५ साली पुरा झाला, आणि त्यात आंबुशी जिरेनियमच्या कुळात गेली. आज ती तिथे नाही. तिच्याच नावाचं ऑक्झॅलिडेसी कूळ आहे आणि जिरेनियमशी तिचं नातं फार लांबचं मानलं जातं. हे चाललं असताना वाशिमच्या बाजूला विहिरीच्या थारोळ्याशी, संत्र्याच्या आळ्यात, देवळाच्या ओट्याखालच्या ओलीत हे पिवळ्या फुलांचं, वर्षानुवर्षं तग धरणारं रोप आंबुशीच होतं. नाव टिकलं, कूळ फिरत राहिलं. हे असं का झालं याचा शोध घेतला की एका क्षुल्लक तणाच्या निमित्ताने वाशिमच्या भूतकाळाचं एक अंग दिसतं, जे ताम्रपटांत आणि गॅझेटियरांत सरळ सापडत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: आंबुशी हे नाव ज्या कसोटीवर उभं आहे ती कसोटी रोपाजवळ बसलेल्या कुणालाही जागच्या जागी घेता येते. कुळाची कसोटी मात्र दीडशे वर्षांपूर्वी दूर कुठेतरी, वाळून कागदाला चिकटलेल्या नमुन्यावर घेतली गेली. रोपाचा इतिहास लिहायचा तर पहिला साक्षीदार कोण, हे त्यावरून ठरवायला हवं.

आधी दुसऱ्या साक्षीदाराची बाजू ऐकू, कारण ती पोकळ नव्हती. आंबुशीची बारीक देठं जमिनीला धरून सरकतात, पेरापेराला मुळं सोडतात. एका डेखावर बदामाच्या आकाराच्या तीन पानांचा झुबका असतो आणि दिवस मावळला की ती पानं घडी घालून खाली लोंबतात. फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं. आत पुंकेसर दहा, पाच लांब आणि पाच आखूड. बोंड उभं, शिंगासारखं. ‘कॉर्निक्युलाटा’ म्हणजे शिंगुटं असलेली. आता हा पाचाचा आणि दहाचा हिशेब जिरेनियमच्या फुलातही आहे. बेंथॅम आणि हूकर यांनी १८६२ ते १८८३ या काळात ‘जेनेरा प्लॅन्टेरम’ हा ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्यांनी फुलाच्या या गणितावर भर देऊन जिरेनियम, आंबुशी, तेरडा ही सगळी मंडळी एका छपराखाली आणली. त्याच छपराखाली लाजाळूसारखी पानं मिटणारं बायोफायटम आलं, आणि करंबळ व बिलिंबी ही झाडंही आली. हूकरच्या भारतीय वनस्पतींच्या पुस्तकात हीच मांडणी उतरली. त्या पुस्तकाचा वचक एवढा, की आपल्याकडच्या वनस्पतिसंग्रहांतल्या कपाटांची रचना पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्याच क्रमाने राहिली, आणि बीएस्सीच्या वर्गांत बेंथॅम-हूकर ही जोडगोळी अजून पाठ करून घेतली जाते.

या छपराखालच्यांना एकत्र आणणारी आणखी एक गोष्ट होती, आणि ती मोठी मोहक आहे. ही सारी बी फेकणारी मंडळी. तेरड्याचं पिकलेलं बोंड बोटाने नुसतं दाबलं तरी फटकन फुटतं, साली आत वळतात आणि बिया उडतात. त्याचं लॅटिन नावच मुळी ‘अधीर’ या अर्थाचं आहे. जिरेनियमच्या फळाला चोच असते. ती वाळली की तिच्या पट्ट्या कमानीसारख्या वर उचलल्या जातात आणि बी भिरकावलं जातं. आंबुशीचं बोंडही फुटतं, आणि बोंडाजवळ तोंड नेणाऱ्याच्या गालावर बी बसतं. पण जवळून पाहिलं तर तिघांची यंत्रं निरनिराळी. तेरड्यात बोंडाची साल काम करते, जिरेनियममध्ये चोचीची पट्टी, आणि आंबुशीत बियाभोवतीचं पांढुरकं वेष्टण एकदम उलटं होऊन बी बाहेर ढकलतं. गोफण, पिचकारी आणि गलोल या तिन्हींनी काही ना काही लांब फेकलं जातं म्हणून ती एका सुताराने केली असं कुणी म्हणत नाही. फुलातली पाच-दहाची मोजणीही अशीच, वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे येऊ शकणारी. हूकरसारख्या जाणत्याच्या नजरेला साम्य दिसलं हे खरं. ते साम्य रक्ताचं नव्हतं.

वाशिमच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ही मांडणी ज्या पुस्तकांतून आली त्यांनी वाशिमकडे जवळजवळ पाहिलंच नाही. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि त्यातच वाशिम आलं. त्यामुळे पुढे थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि जो आजही मराठी मुलखातल्या अभ्यासकांच्या हाताशी असतो, त्याच्या सीमेत वऱ्हाड बसत नव्हता. कोकण, देश, गुजरात, सिंध त्यात आहेत. पैनगंगेचा उगमाकडचा प्रदेश नाही. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. त्या बाजूने वऱ्हाडच्या जंगलांची पद्धतशीर यादी केली ती डी. ओ. विट या वनाधिकाऱ्याने. ती १९१६ साली निघाली, आणि तिच्या नावातच तिची नजर कळते: झाडं, झुडपं, वेली आणि ‘उपयोगी’ रोपं. वनखात्याला साग, तेंदू, मोह, डिंक दिसणार हे ओघानेच आलं. जिच्यापासून ना सरपण ना महसूल, ती आंबुशी तिथे कुणाच्या डोळ्यांत भरणार? या भागाचा सविस्तर वनस्पतिग्रंथ हाती यायला १९८८ साल उजाडलं. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने कांबळे आणि प्रधान यांचा अकोला जिल्ह्यावरचा ग्रंथ त्या वर्षी काढला, आणि तेव्हा वाशिम अकोल्यातच होतं. थोडक्यात, आंबुशी जिरेनियमची नातलग आहे हे जेव्हा छापून आलं, तेव्हा ते वाशिमची आंबुशी पाहून कुणी लिहिलेलं नव्हतं. सगळीकडे उगवणाऱ्या रोपाच्या नोंदीत एखाद्या गावाचं नाव येण्याचं कारणच नसतं.

इथे थोडं विषयांतर होईल, पण मराठीत ‘कूळ’ या शब्दाची जी गंमत आहे ती सोडवत नाही. कूळ म्हणजे घराणं, आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. १९५८ साली विदर्भासाठी वेगळा कूळकायदा झाला तो या दुसऱ्या अर्थाच्या कुळांसाठी. आंबुशी जिरेनियमच्या घराण्यातली कधीच नव्हती. त्या घरचं कूळ मात्र ती शंभरेक वर्षं होती. जागा दुसऱ्याची, पाटी दुसऱ्याची, सातबाऱ्यावर नाव तेवढं हिचं. योगायोग असा, की ज्या गावाच्या भोवती ती उगवते त्या गावाचीही हीच तऱ्हा. अबुल फझलच्या ‘आइन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातलं बाशिम हे एक सरकार आहे. इंग्रजी अमलात बाशिम हा जिल्हा झाला. १९०५ च्या फेररचनेत सहाचे चार जिल्हे करताना तो मोडला. बाशिम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्याला गेले, पुसद यवतमाळकडे गेला. नंतर त्र्याण्णव वर्षं वाशिम दुसऱ्याच्या पाटीखाली राहिलं आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा जिल्हा झालं. त्याच १९९८ साली, जनुकांच्या आधारे सपुष्प वनस्पतींच्या कुळांची नवी मांडणी करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गटाने आपला पहिला आराखडा प्रसिद्ध केला, आणि आंबुशीचा गण जिरेनियमच्या गणापासून वेगळा झाला. योगायोगाला योगायोगाहून जास्त किंमत देऊ नये. पण सीमा आखणाऱ्याचं टेबल आणि सीमेत राहणाऱ्याचं अंगण यांच्यात किती अंतर असतं, हे दोन्हीकडे सारखंच दिसतं.

आता पहिल्या साक्षीदाराकडे, म्हणजे नावाकडे वळू. वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म, आणि त्यातला गुल्म हा शब्दच मुळी वनस्पतींच्या जुन्या वर्गवारीतला. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात वनस्पतींचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत वृक्षाबरोबर गुच्छ, गुल्म, तृण, प्रतान, वल्ली येतात. बुंध्यापासून अनेक फांद्या फुटणारं झुडूप ते गुल्म. अर्थात गुल्म म्हणजे जमाव, सैन्याची तुकडी असाही अर्थ आहे, आणि कामसूत्राच्या टीकेत वत्स आणि गुल्म अशा दोन राजपुत्रांवरून नाव आल्याचं सांगितलं आहे. तेव्हा झुडपाचा हट्ट धरता येत नाही. हट्ट धरण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. १९३९ साली वाशिमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट मिळाला. त्याच्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षातला हा दानलेख. वंशावळ संस्कृतात, पण प्रत्यक्ष दानाचा मजकूर प्राकृतात. या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन याने ‘हरिविजय’ हे काव्य प्राकृतातच रचलं. काव्य आज हरवलं असलं तरी आनंदवर्धनापासून हेमचंद्रापर्यंतचे पंडित त्याची आठवण काढतात. म्हणजे सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी वत्सगुल्मात दरबाराची आणि व्यवहाराचीही भाषा प्राकृत होती. आणि संस्कृत ‘अम्ल’ प्राकृतात ‘अंबिल’ होतो. जैन आगमांत रस मोजताना तिखट-तुरटाबरोबर अंबिल येतोच.

हा अंबिल मराठीत सरळ वाहत आला. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला वऱ्हाडात ज्वारीची आंबील लागते. ती नसली तर पुरणाच्या ताटालाही पुरतेपण नाही. अंबाडीच्या भाजीत, आंबट चुक्यात, वाळवलेल्या कैरीच्या आंबोशीत तोच ‘अंब’ आहे, आणि आंबुशीतही. कैरीची आंबोशी आणि रोपाची आंबुशी यांत एका मात्रेचा फरक, पण घरातल्या कुठल्याही बाईने एकीच्या जागी दुसरी कढईत टाकली नसेल. श्वेतांबर जैनांच्या आयंबिल व्रताच्या नावातही हाच शब्द दडला आहे, आणि शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे तो शब्द जिल्ह्याला परका नाही. प्राकृत आणि मराठी यांच्यामधली अपभ्रंशाची पायरीसुद्धा याच जिल्ह्याने राखली. कारंज्याच्या जैन भांडारांतल्या हस्तलिखितांवरून हिरालाल जैन यांनी १९३०च्या दशकात ‘णायकुमारचरिउ’, ‘करकंडचरिउ’ यांसारखे अपभ्रंश ग्रंथ संपादून कारंजा जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध केले. म्हणून म्हणतो की आंबुशीचा लेखी पुरावा वाशिममध्ये शोधायचा तर तो रोपाच्या चित्रात शोधून उपयोग नाही. शब्दाच्या खालचे थर तपासायला हवेत, आणि ते थर दाखवणारी कागदपत्रं इथे दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याहून कमी नाहीत.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की नाव तरी कुठे स्थिर राहिलं? वैद्यकाच्या पोथ्यांत या रोपाला चांगेरी म्हणतात. चरकसंहितेत अतिसाराच्या चिकित्सेत चांगेरीघृत आहे, आणि आजच्या सरकारी आयुर्वेदिक औषधसंहितेतही चांगेरी म्हणजे आंबुशीच. पण कोशांत चांगेरीच्या पर्यायांत चुक्रिका, अम्ललोणिका, दंतशठा अशी नावं येतात, आणि त्यांतली चुक्रिका कुठे आंबट चुक्याला लावलेली दिसते, तर अम्लिका चिंचेलाही म्हणतात. मग शास्त्रज्ञाच्या कुळांना हसण्यात काय अर्थ? आक्षेप खरा आहे, आणि तो माझं म्हणणं थोडं दुरुस्त करतो. फिरली ती पोथीतली नावं. ती एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात, एका वैद्याकडून दुसऱ्याकडे कागदावरून जात होती, आणि वाटेत रोप सुटून नुसतं नाव पुढे जात होतं. म्हणजे इथेही गडबड झाली ती त्याच कारणाने, रोप समोर नसताना नाव ठेवल्याने. या सगळ्या पर्यायांत दंतशठा हे नाव मात्र मला विलक्षण वाटतं. दातांना दगा देणारी. मराठीत आपण ‘दात आंबतात’ म्हणतो ना, तेच. ज्या कुणी ते नाव ठेवलं त्याने आधी पान चावलं होतं, यात शंका नाही.

दुसरा आक्षेप अधिक कडक आहे. आंबट हा कसला निकष? चिंच शेंगांच्या कुळातली, अंबाडी जास्वंदीच्या, चुका वेगळ्याच. जिभेने सगळ्यांना एकाच पोत्यात घातलं. हूकरने निदान पुंकेसर मोजले. याला उत्तर असं, की जिभेने कूळ ठरवण्याचा दावा कधी केलाच नाही. भाषेने ‘अंब’ हा धागा दिला आणि लगेच पुढचा प्रत्यय लावून प्रत्येकाला वेगळं केलं. अंबाडीला आंबुशी म्हणणारा मराठी माणूस सापडायचा नाही. नावाने सांगितलं ते एवढंच की हिचं काय करता येईल: वरणात चिंचेच्या जागी टाकता येईल, चटणी वाटता येईल, ताकात शिजवून पोट बिघडलेल्याला देता येईल, पितळेचं भांडं घासता येईल. आणि हे जे सांगितलं ते रसायनाच्या कसोटीला तंतोतंत उतरतं. पानातला आंबटपणा ऑक्झॅलेटचा आहे. युरोपातल्या हिच्याच बहिणीच्या रसातून अठराव्या शतकात ते क्षार काढले गेले, आणि ऑक्झॅलिक आम्लाला नाव मिळालं ते या रोपांवरून. ‘ऑक्झॅलिस’ हा लिनियसने वापरलेला शब्दही ग्रीकमधल्या आंबटावरूनच आला आहे. म्हणजे नाव ठेवताना युरोपियनानेही पान चावलं. कूळ ठरवताना मात्र चव बाजूला राहिली, कारण लंडनजवळच्या क्यू उद्यानाच्या संग्रहातला दाबून वाळवलेला नमुना चावून कुणी पाहत नाही. (मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ताजा नमुनाही बेताने चावावा, हे जाता जाता.)

आणि या जिभेचा एक कौल पुंकेसरांपेक्षा जास्त टिकला. करंबळ. आंबटढाण, पाच धारांचं, आडवं कापलं तर चांदणीसारखं दिसणारं हे फळ. गोव्यात राहून गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली जो ग्रंथ छापला त्यात ते आहे; पोर्तुगिजांनी मराठी-कोकणी करंबळाचं ‘कारांबोला’ केलं आणि लिनियसने तेच नाव उचलून जातीला चिकटवलं. (बिलियर्डचा कॅरम आणि आपला कॅरम याच फळाच्या नावावरून आला असं काही कोशकार मानतात, ते खरं असेल तर शब्द फिरून घरी आला म्हणायचं.) लिनियसच्या मांडणीत करंबळ आणि आंबुशी एकाच वर्गात होती. हूकरने दोघींना जिरेनियमकडे नेलं तेव्हाही ती जोडीने गेली, आणि जिरेनियमपासून सुटली तेव्हाही जोडीनेच सुटली. आजही एकाच ऑक्झॅलिडेसी कुळात आहेत. एक जमिनीला चिकटलेलं वीतभर रोप, दुसरं अंगणातलं झाड. डोळ्याला कधी सुचणार नाही अशी सोयरीक, पण चव, फळाचे पाच कोन आणि आता जनुकं तिघंही तीच सांगतात. यावरून जीभ हीच शास्त्र, असं मी म्हणणार नाही. चिंचेच्या बाबतीत तिने असली साक्ष दिली नसती. एवढंच की साक्षीदार म्हणून तिला उभंच करायचं नाही, ही दीडशे वर्षांची सवय तपासून पाहायला हवी.

तिसरा आक्षेप शास्त्राच्या बाजूचा आहे, आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कूळ बदललं हा शास्त्राचा दोष कसा? पुरावा बदलला म्हणून निकाल बदलला. नाव हजार वर्षं न बदलणं यात कौतुक कसलं, ते शिकणं थांबल्याचंही लक्षण असेल. मान्य. हूकरवर तर असा आरोप करताच येत नाही. क्यूची धुरा उतरवल्यावरही तो थांबला नाही, आणि १९११ साली चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारला तेव्हा त्याच्या शेवटच्या काळातलं मुख्य काम तेरड्याच्या जातींचंच होतं. ज्या तेरड्याला त्याने जिरेनियमच्या कुळात घातलं, त्यानेच त्याला आयुष्याच्या अखेरीस सर्वाधिक छळलं. तेरड्याची फुलं वाळवली की पार बिघडतात, नमुन्यात आकारच उरत नाही. तेव्हा कागदावरचा तेरडा किती फसवा असतो हे त्याच्याइतकं कुणी भोगलं नसेल. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. वनस्पतिसंग्रहात तितकाही नाही. आज जनुकं वाचून जे गण ठरले आहेत त्यांत तेरडा मोह, टेंभुर्णी, चिकू आणि चहा यांच्या गोतात गेला आहे. वाशिमच्या जंगलातून मोहफुलं वेचणारे आणि तेंदूपत्ता बांधणारे लोक गौरीला तेरडा आणणाऱ्यांना हे सांगायला गेले तर त्यांना कुणी खरं मानणार नाही. आंबुशी ज्या गणात गेली त्यात रुद्राक्षाचं झाडही आहे. जिरेनियम तिसरीकडेच राहिलं. लिनियसने वेगळी ठेवलेली तीन घरं हूकरने एक केली, आणि एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ती पुन्हा तीन झाली, मात्र कारणं अगदी निराळी.

तेव्हा शास्त्राने चूक सुधारली हे खरंच. पण सुधारणा झाली ती नमुन्याच्या आणखी आत शिरल्याने, पेशीतल्या धाग्यापर्यंत पोचल्याने. त्या वाटेवर रोपाच्या भोवतालचं काहीच नोंदलं गेलं नाही. धोतऱ्याचं बी पोटात गेलेल्याला लोकवैद्यकात आंबुशीचा रस पाजत. देवाची तांब्या-पितळेची भांडी तिच्या पानांनी लख्ख होत. ढोरामागे फिरणारं पोर भुकेला आधार म्हणून तिचा घास तोंडात टाकी. डॉ. वामन गणेश देसाई यांच्या १९२७ च्या ‘औषधीसंग्रह’सारख्या मराठी पुस्तकांनी असा मुलखाचा अनुभव आणि लॅटिन नावं एकाच पानावर आणण्याची जी वाट धरली, ती पुढे फारशी रुंदावली नाही. वनस्पतिशास्त्र विद्यापीठात गेलं, वैद्यक वेगळ्या महाविद्यालयात, आणि भाषा तिसऱ्याच विभागात. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न वत्सगुल्मात लावून दिलं आहे. तिथेच शब्द आणि झाड यांचं मात्र असं फाटलेलं राहावं, याची चुटपुट लागते. कुणी म्हणेल, आंबुशीचे हे उपयोग काही वाशिमपुरते नाहीत, साऱ्या देशात आहेत. मग हा वाशिमचा इतिहास कसा? पण सगळीकडच्या गोष्टीचा इतिहासही कुठल्यातरी एका अंगणात उभं राहूनच लिहावा लागतो, आणि प्राकृत ताम्रपट, अपभ्रंशाची भांडारं आणि आंबिलीचा नैवेद्य एकाच जिल्ह्यात हाताशी असणं ही काही साधी सोय नव्हे.

खरं जिरेनियम कूळ मराठी शेतात आलं ते अगदी अलीकडे, आणि तेही रानटी रोप म्हणून नाही. त्याच्या रानटी जाती भारतात मुख्यतः हिमालयात आणि दक्षिणेतल्या उंच डोंगरांवर. वऱ्हाडच्या काळ्या मातीला त्यांची सवय नाही. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात ‘जिरेनियमची शेती’ म्हणून जी गाजते ती सुगंधी तेलासाठी. पाला कापून वाफेवर तेल काढतात, ते अत्तर आणि साबणवाल्यांकडे जातं. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने या पिकाला हात दिला, आणि कोरडवाहू भागातले शेतकरी ठिबकवर ते लावू लागले. तिथेही नावाने दगा दिलाच आहे. हे रोप मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं पेलार्गोनियम. अठराव्या शतकाच्या अखेरीसच त्याची प्रजाती जिरेनियमपासून वेगळी केली गेली, पण बाजाराने जुनं नाव सोडलं नाही. कूळ तेवढं तेच. ठिबकच्या नळीखाली माती सतत ओली राहते, आणि जिथे ओल आहे तिथे आंबुशीला आवतण लागत नाही. जिरेनियमच्या ओळींमध्ये ती पसरते आणि पहिल्याच निंदणीत बाया तिला मुळासकट उपटून बांधावर टाकतात, एखादं पान तोंडात टाकून.